शपथ न घेणाऱ्यांची गोष्ट

"आईशप्पथ", "देवाशप्पथ", "गळ्याशप्पथ", "विद्येची शप्पथ"... मराठीत शपथांचा साठा भरपूर आहे. शाळेत "तुझं खोडरबर मी घेतलं नाही" एवढं सांगून कधी भागायचं नाही. समोरचा लगेच म्हणायचा, "खा शप्पथ!" मग गळ्याला चिमटा धरून शप्पथ खायची, आणि काम झालं की हळूच "शप्पथ सुटली" म्हणून मोकळं व्हायचं. मोठ्या माणसांचंही फार वेगळं नव्हतं. मराठ्यांच्या इतिहासात बेलभंडार उचलून दिलेली वचनं भेटतात, आणि दिलेली वचनं मोडल्याच्या कथाही भेटतात :-)

आता जरा विचार करून बघा. एखादी गोष्ट मी शपथेवर सांगतो, तेव्हा शपथेविना सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींबद्दल मी नेमकं काय कबूल करतोय? त्या खोट्याही असू शकतील, हेच ना? म्हणजे माझ्याकडे खरेपणाचे दोन दर्जे आहेत. एक रोजच्या वापरातला, आणि एक ठेवणीतला, पैठणीसारखा पेटीत जपून ठेवलेला.

सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या काही साध्यासुध्या माणसांना हे दोन दर्जे खटकले. त्यांना ते खटकले बायबलमधल्या जेमतेम पाच वचनांमुळे. ती वचनं त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावली नाहीत, तर दुकानात, कोर्टात आणि घरात वापरायला काढली. त्यापायी हजारो जण तुरुंगात गेले, काहींची घरंदारं जप्त झाली. आणि शेवटी देशाचा कायदा बदलला. त्या बदललेल्या कायद्याचा एक धागा आपल्या राज्यघटनेपर्यंत येतो. या माणसांना जग क्वेकर म्हणून ओळखतं. ते स्वतःला नुसतं 'फ्रेंड्स', म्हणजे मित्र, म्हणवतात.

पाच वचनं

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायात येशूचं डोंगरावरचं प्रवचन सुरू होतं. त्यातली ३३ ते ३७ ही पाच वचनं शपथेबद्दल आहेत. माझ्या शब्दांत त्यांचा मतितार्थ असा. जुनं शास्त्र सांगतं की खोटी शपथ घेऊ नका, घेतलेली पाळा. येशू म्हणतो, मुळात शपथ घेऊच नका. आकाशाची नको, ते देवाचं आसन आहे. पृथ्वीची नको, यरुशलेमचीही नको. आणि स्वतःच्या डोक्याची तर नकोच, कारण त्यावरचा एक केस काळ्याचा पांढरा करणं तुमच्या हातात नाही. हो म्हणायचं असेल तर हो म्हणा, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. त्यावर जे काही चढवाल ते वाईटातून येतं. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातही हीच सूचना थोडक्यात पुन्हा आली आहे.

वाचायला सोपं आहे. गंमत (की अडचण?) अशी की हे वचन ज्या युरोपात रविवारी चर्चमध्ये वाचलं जायचं, तिथला सगळा कारभार सोमवारपासून शपथेवर चालायचा. राजाशी निष्ठेची शपथ, साक्षीदाराची शपथ, व्यापारी संघात शिरताना शपथ, विद्यापीठात शिरताना शपथ. आणि ही शपथ कशावर हात ठेवून घ्यायची? तर ज्यात 'शपथ घेऊ नका' असं छापलंय त्याच पुस्तकावर!

चर्चच्या पंडितांकडे याला उत्तर होतं, आणि ते अगदीच पोकळ नव्हतं. जुन्या करारात खुद्द देव शपथ घेतो. पौल आपल्या पत्रांत देवाला साक्षी ठेवून बोलतो. प्रमुख याजकाने देवाची शपथ घालून प्रश्न विचारला तेव्हा येशूने उत्तर दिलं. तेव्हा येशूचा रोख उठसूट घेतलेल्या शपथांवर आहे, न्यायाधीशासमोरच्या गंभीर शपथेवर नाही, असा हा युक्तिवाद. चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ कलमांपैकी शेवटचं कलम नेमकं हेच सांगतं.

ते न पटणारे लोक क्वेकरांच्या आधीही होते. १५२७ साली श्लाइटहाइम इथे जमलेल्या अ‍ॅनाबॅप्टिस्ट लोकांनी सात मुद्द्यांचं निवेदन तयार केलं, त्यातला शेवटचा मुद्दा शपथ न घेण्याचा होता. ते लिहिणाऱ्या मिखाएल झाटलरला त्याच वर्षी हालहाल करून जाळण्यात आलं. तर विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

पुस्तकालाच तुरुंगात का नाही टाकत?

जॉर्ज फॉक्स हा १६२४ साली लेस्टरशायरमधल्या एका विणकराच्या घरी जन्मला. उमेदवारी चांभाराकडे केली. शिक्षण बेताचं, पण बायबल तोंडपाठ म्हणावं इतकं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की ख्रिस्त प्रत्येकाच्या आत बोलतो, त्यासाठी पगारी धर्मगुरू लागत नाही. १६५२ नंतर उत्तर इंग्लंडमध्ये त्याच्याभोवती माणसं जमू लागली.

१६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि सरकारला जिथेतिथे बंडखोर दिसू लागले. निष्ठेची शपथ हे हत्यार हाताशी होतंच. ही शपथ मुळात १६०५ च्या गनपावडर कटानंतर कॅथलिक लोकांना गाळून काढण्यासाठी तयार केलेली. क्वेकरांवर ती आयतीच चालली. माणूस बंडखोर आहे हे सिद्ध करत बसायची गरजच नाही. त्याच्यासमोर पुस्तक धरा आणि शपथ घे म्हणा. तो नाही म्हणणार हे आधीच माहीत! १६६२ साली तर खास 'क्वेकर अ‍ॅक्ट' झाला. शपथ नाकारणं आणि पाच किंवा त्याहून जास्त जणांनी उपासनेला जमणं हे गुन्हे ठरले. पहिल्या दोन वेळांना दंड किंवा कैद, तिसऱ्यांदा थेट देशाबाहेर रवानगी.

१६६४ साली फॉक्स लँकेस्टरच्या कोर्टात उभा होता. त्याच्या हातात बायबल देऊन शपथ घ्यायला सांगितलं गेलं. त्यावर तो काय म्हणाला ते त्याच्या रोजनिशीत नोंदलेलं आहे. त्याचा आशय असा: तुम्ही हे पुस्तक माझ्या हातात दिलंत, या पुस्तकात शपथ घेऊ नका असं लिहिलंय, मी तेच म्हणतोय. मग मला तुरुंगात टाकता, तर हे सांगणाऱ्या पुस्तकालाच का नाही टाकत?

पुढची गंमत माझ्यासारख्या बग शोधून पोट भरणाऱ्याला फारच आवडते. फॉक्सने स्वतःवरच्या आरोपपत्रातल्या चुका काढल्या. तारीख चुकली आहे, मजकुरात आवश्यक शब्द गळला आहे, वगैरे. न्यायाधीशांना ते मान्य करावं लागलं आणि आरोपपत्र बाद झालं. आता सुटला म्हणायचं, तर न्यायाधीशांनी तिथल्या तिथे पुन्हा पुस्तक पुढे केलं. घे शपथ! बग दुरुस्त, प्रोग्रॅम पुन्हा चालू, आणि आउटपुट पुन्हा तेच: तुरुंग. तो १६६६ पर्यंत आतच राहिला, आधी लँकेस्टरला, मग स्कारबरोच्या किल्ल्यात.

त्याच कोर्टात मार्गारेट फेल नावाची बाई उभी होती. एका न्यायाधीशाची विधवा, सुखवस्तू, मोठ्या वाड्याची मालकीण. पदरी मुलं. आपलं राजाशी वैर नाही, पण शपथ घेणार नाही, अशी तिची भूमिका. तिला जी शिक्षा झाली तीत सगळी मालमत्ता राजाकडे जमा आणि बेमुदत कैद असं दोन्ही होतं. तीही १६६८ पर्यंत तुरुंगात होती. एक वाक्य उच्चारलं असतं तर संध्याकाळी घरी जाऊन जेवली असती. (पुढे १६६९ मध्ये तिचं आणि फॉक्सचं लग्न झालं.)

आपल्याला वाटेल, एवढा कसला हट्ट? खरं तर त्या काळच्या अनेक इंग्रजांनाही तसंच वाटायचं. पण त्यांच्या बाजूने बघा. आज कोर्टात मी शपथ घेतली, तर उद्या बाजारात मी दिलेल्या शब्दाची किंमत मीच कमी केली. आणि ज्याचं नाव घेऊन मी जगतो त्याने हे स्पष्ट शब्दांत करू नका म्हटलंय. मग सवलत मागायची कोणाकडे?

पोराला पाठवा, भाव तोच

इथे ही गोष्ट कोर्टातून उठून दुकानात जाते, आणि मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण शपथ नाकारणं हा वर्षातून एखाद्या वेळचा प्रसंग. दुकान रोजचं.

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखीच घासाघीस चालायची. दुकानदार दहा सांगणार, गिऱ्हाईक चार म्हणणार, आणि "देवाशप्पथ, मला आठला पडलंय" असं म्हणत सहावर सौदा तुटणार. यात कोणाला काही गैर वाटत नसे. फॉक्सला वाटलं. जो सहाला द्यायला तयार आहे तो दहा म्हणतो, तेव्हा तो खोटंच बोलतोय ना? मग 'हो तर हो' कुठे गेलं? १६५८ च्या आणि १६६१ च्या पत्रकांतून त्याने व्यापाऱ्यांना हेच सुनावलं. जी किंमत घ्यायची तीच सांगा, एकदाच सांगा.

क्वेकर दुकानदार तसं करू लागले. सुरुवातीला लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. टोपी काढत नाहीत, वाकून नमस्कार नाही, भाव कमी करत नाहीत, कोण जाणार असल्या खडूस माणसांकडे? फॉक्स रोजनिशीत लिहितो की काही दिवसांनी चित्र पालटलं. यांच्या दुकानात लहान पोराला पाठवलं तरी त्याला मोठ्या माणसाइतकाच चोख व्यवहार मिळतो, हे लोकांच्या लक्षात आलं आणि गर्दी वाढली. मग बाकीचे दुकानदार कुरकुरायला लागले.

मला हे लहान पोराचं उदाहरण फार आवडतं. घासाघीस कोणाला जमते? ज्याला बाजार माहीत आहे, तोंड चालवता येतं, वेळ आहे, त्याला. नडतो कोण? लहान मूल, परगावचा माणूस, भिडस्त बाई, गरजू. एकच भाव सांगण्याने सर्वांत जास्त फायदा झाला तो यांचा. म्हणजे पाच वचनांतून निघालेली ही सवय नुसती 'मी खोटं बोललो नाही' या समाधानापाशी थांबली नाही, दुबळ्याच्या पदरात काहीतरी पडलं.

किमतीची चिठ्ठी लावलेली दुकानं सगळ्या जगात रूढ झाली ती १९ व्या शतकात, आणि त्याचं श्रेय एकट्या क्वेकरांना देता येणार नाही. पॅरिस आणि न्यू यॉर्कच्या मोठ्या दुकानांचा त्यात मोठा वाटा आहे. पण त्यातलंही एक नाव बघा. १८५८ मध्ये न्यू यॉर्कमध्ये दुकान काढणारा रोलंड मेसी हा नॅन्टकेट बेटावरच्या क्वेकर घराण्यातला होता. तोही एकभावीच.

कलेक्टरला 'तू'

खरेपणाचा एकच दर्जा ठेवायचा म्हटल्यावर भाषाही सुटली नाही. तेव्हाच्या इंग्रजीत 'यू' हे अनेकवचन होतं आणि एकट्या माणसासाठी 'दाऊ'. पण वरच्या दर्जाच्या एकाच माणसाला मान म्हणून 'यू' म्हणायची पद्धत पडली होती. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखंच. क्वेकर म्हणाले, समोर माणूस एक आहे, तर त्याला अनेक म्हणणं हे खोटं आहे. शिवाय गरिबाला 'तू' आणि जमीनदाराला 'तुम्ही', हा भेदभाव कशाला? म्हणून सगळ्यांना 'दाऊ'.

आपल्याकडे एखाद्याने कलेक्टरला, सासऱ्याला आणि हेडमास्तरांना सरसकट "तू कधी आलास?" असं विचारलं तर काय होईल, याची कल्पना करा. तिथेही तेच झालं. टॉमस एलवुड नावाचा तरुण क्वेकर झाला. (पुढे आंधळ्या मिल्टनला पुस्तकं वाचून दाखवणारा तो हाच.) बापासमोर टोपी न काढणं आणि बापाला 'दाऊ' म्हणणं यापायी त्याने बापाचा मार खाल्ला. बापाने त्याच्या टोप्याही हिसकावून घेतल्या.

क्वेकर जे जे म्हणाले ते सगळं आपल्याला पटायलाच हवं असं नाही. 'तुम्ही' म्हणण्यात खोटेपणा आहे हे कुठल्याही मराठी माणसाला पटणार नाही :-) मुद्दा एवढाच की एक वचन खरोखर पाळायला घेतलं की ते कुठल्या कुठे जाऊन पोचतं!

दर महिन्याची हजेरी

एक माणूस बायबल वाचून आठवडाभर नीट वागू शकतो. पण एक अख्खा समाज दोनशे-अडीचशे वर्षं कसा वागला? इथे मला त्यांची यंत्रणा महत्त्वाची वाटते.

क्वेकरांच्या दर महिन्याला सभा होत. १७ व्या शतकाच्या अखेरीपासून या सभांना ठरावीक प्रश्न विचारण्याची पद्धत सुरू झाली, आणि पुढे त्या यादीत रोजच्या वागण्याचे प्रश्न वाढत गेले. तुमच्यातले सभासद व्यवहारात चोख आहेत का? दिलेला शब्द वेळेवर पाळतात का? झेपणार नाही एवढा धंदा तर अंगावर घेत नाहीत ना? "आपण चांगलं वागलं पाहिजे" असं मोघम बोलणं नाही, तर उत्तर द्यावं लागेल असा प्रश्न, पुन्हा पुन्हा. आमच्या भाषेत सांगायचं तर चेकलिस्ट आणि कोड रिव्ह्यू.

हे प्रश्न दातपडके नव्हते. माणूस कर्ज बुडवून दिवाळखोर झाला तर त्याचा 'हो' खोटा ठरला असं मानत आणि त्याला समाजातून काढत. एलिझाबेथ फ्रायचं उदाहरण प्रसिद्ध आहे. न्यूगेट तुरुंगातल्या बायकांसाठी तिने केलेलं काम एवढं मोठं की २००२ ते २०१७ या काळात इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर तिचं चित्र होतं. तिच्या नवऱ्याची बँक १८२८ मध्ये बुडाली. एवढ्या मोठ्या बाईचा नवरा म्हणून त्याला सूट मिळाली नाही. समाजाने त्याला बाहेर काढलं. कठोर आहे, आणि कधीकधी अन्यायही होत असेल. पण क्वेकराकडे पैसे ठेवायला लोक का धजावत, हे यावरून कळतं. बार्कलेज आणि लॉइड्स या बँकांची मुळं क्वेकर घरांत आहेत. विद्यापीठं आणि सरकारी पदं शपथेमुळे बंद झालेली ही मंडळी धंद्यात शिरली, आणि फ्राय, राउंट्री, कॅडबरी ही चॉकलेटची तिन्ही नावं त्यांच्यातूनच आली.

कायदा हलला

शपथ नाही म्हणजे कोर्टात साक्ष नाही. चोरी झाली, कर्ज बुडालं, मृत्युपत्र सिद्ध करायचंय... सगळीकडे अडचण. क्वेकरांनी वर्षानुवर्षं पार्लमेंटकडे लकडा लावला. शेवटी १६९६ साली कायदा झाला की दिवाणी कामात क्वेकराने शपथेऐवजी प्रतिज्ञापूर्वक निवेदन केलं तरी चालेल.

झालं? नाही. त्या निवेदनात सर्वशक्तिमान देवाच्या समक्ष अशा अर्थाचे शब्द होते. काही क्वेकर म्हणाले, ठीक आहे. काही म्हणाले, ही तर मागच्या दाराने आलेली शपथच! आणि हा वाद त्यांच्या आपापसात २६ वर्षं चालला. १७२२ मध्ये पार्लमेंटने देवाचा उल्लेख नसलेला साधा मजकूर मंजूर केला तेव्हा तो मिटला. फौजदारी खटल्यात साक्ष द्यायची मुभा यायला १८२८ उजाडलं. १६९८ साली निवडून आलेल्या जॉन आर्चडेल या क्वेकराला शपथ न घेतल्यामुळे पार्लमेंटमध्ये बसू दिलं नव्हतं. १८३३ मध्ये जोझफ पीझ शपथेविना आत जाऊन बसला. मध्ये १३० हून जास्त वर्षं गेली.

अटलांटिकच्या पलीकडे हे आधीच झालं होतं. विल्यम पेन या क्वेकराला १६८१ मध्ये पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली आणि तिथे शपथेविना कारभार सुरू झाला. लेनापी या मूळ रहिवाशांशी त्याने केलेल्या कराराबद्दल व्हॉल्तेरने म्हटलं होतं की हा एकच करार असा, ज्यावर कोणी शपथ घेतली नाही आणि जो मोडला गेला नाही.

पण...

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल.

तो करार पेनच्या हयातीत टिकला. १७३७ मध्ये त्याच्या मुलांनी एक जुना दस्त पुढे केला. दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन, असा त्याचा अर्थ. लेनापींना वाटलं, माणूस चालतो तसा चालेल, दमेल, थांबेल. पेनच्या मुलांनी आधी रस्ता साफ करून घेतला आणि तीन दणकट गडी पळवले. त्यातला एक १०० किलोमीटरहून पुढे गेला. लेनापींची प्रचंड जमीन गेली. शब्दशः बघाल तर दस्त पाळला! प्रत्येक शब्द खरा, आणि सगळं मिळून धडधडीत खोटं.

दुसरं उदाहरण कॅडबरीचं. १९०१ मध्ये विल्यम कॅडबरीच्या नजरेला साओ टोमे बेटावरच्या एका मळ्याच्या विक्रीची जाहिरात आली. मालमत्तेच्या यादीत मजूरही होते, किमतीसकट. हे पोर्तुगीजांचं बेट, आणि कॅडबरीचा बराचसा कोको तिथूनच यायचा. कंपनीने चौकशा केल्या, माणूस पाठवला, सरकारशी बोलणी केली, आणि कोको घेणं चालूच ठेवलं. बहिष्कार घातला तो १९०९ मध्ये. एका वर्तमानपत्राने ढोंगी म्हटलं म्हणून कंपनीने बदनामीचा दावा लावला. त्याच वर्षी निकाल लागला. कंपनी जिंकली, आणि ज्यूरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा! आपल्या शब्दांत, एक कवडी. खोटं तर कोणी बोललं नव्हतं. पण आठ वर्षं 'नाही' म्हणायचं राहून गेलं होतं.

म्हणजे ज्यांनी हे वचन सगळ्यात मनावर घेतलं त्यांच्याही घरात ते पिढीजात टिकेलच असं नव्हतं. दुकानात समोर पोर उभं असताना खरं बोलणं सोपं होतं. मजूर समुद्रापलीकडे गेल्यावर अवघड झालं.

मुंबईत आलेला नास्तिक

आता आपल्याकडचा धागा. १८८० साली चार्ल्स ब्रॅडलॉ हा जाहीर नास्तिक नॉर्दम्प्टनमधून निवडून आला. त्याने शपथेऐवजी निवेदन करू द्या असं म्हटलं. ती सोय तुमच्यासाठी नाही, असं उत्तर मिळालं. बरं, शपथ घेतो, म्हणाला. तर तुझा देवावर विश्वास नाही, तुझ्या शपथेला अर्थ नाही! त्याला एक रात्र पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडलं. लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिलं. १८८६ मध्ये तो एकदाचा आत बसला, आणि १८८८ चा कायदा करून घेतला. आता ज्याला शपथ नको त्या कोणालाही निवेदनाचा पर्याय मिळाला. देवावर अतोनात विश्वास असलेल्यांनी स्वतःसाठी उघडलेल्या दारातून देव न मानणारा आत गेला, आणि त्याने ते सगळ्यांसाठी उघडं केलं.

हाच ब्रॅडलॉ डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता. १८९१ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीला लंडनमध्ये शिकणारा एक तरुण हजर होता: मोहनदास गांधी.

भारतात कायद्याची वाट थोडी वेगळी होती. साक्षीदारांना गंगाजल किंवा कुराण यांवर शपथ घ्यायला लावण्याने न्यायदानात अडचण येते, म्हणून १८४० च्या कायद्याने हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांसाठी प्रतिज्ञापूर्वक निवेदन आणलं. आज १९६९ चा शपथ कायदा लागू आहे. त्यात ईश्वराच्या नावाने शपथ किंवा गांभीर्यपूर्वक निवेदन असे दोन पर्याय आहेत, आणि सिनेमात दाखवतात त्या गीतेचा तिथे पत्ताच नाही! राज्यघटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात मंत्र्यांपासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना हेच दोन पर्याय आहेत. पुढच्या शपथविधीला टीव्हीसमोर बसाल तेव्हा कोण कुठला पर्याय घेतं ते ऐका. त्या दुसऱ्या पर्यायासाठी लँकेस्टरच्या तुरुंगात एक विधवा चार वर्षं बसली होती.

आणि आपण?

माझ्या धंद्यात शपथ कोणी घेत नाही. पण दोन दर्जे आहेतच. मेलवर आधी 'अर्जंट' लिहायचे. सगळेच लिहायला लागल्यावर 'व्हेरी अर्जंट' आलं. मग अक्षरं लाल झाली. आता नुसत्या 'अर्जंट'कडे कोणी बघत नाही. "शुक्रवारपर्यंत होईल का?" या प्रश्नाला "हो" हे उत्तर आलं की अनुभवी मॅनेजर विचारतो, "नक्की?" मग "नक्की" आलं की विचारतो, "म्हणजे अगदी नक्की?" खोडरबराच्या शप्पथेपासून आपण फार पुढे आलेलो नाही.

बायबलचं वचन रोजच्या जगण्यात आणायचं म्हणजे काय, याची उत्तरं बहुधा मोठी आणि मोघम असतात. क्वेकरांचं उत्तर लहान होतं. जी किंमत घ्यायची ती सांग. दिलेल्या तारखेला पैसे परत कर. नाही म्हणायचं असेल तर आजच म्हण. आणि हे जमतंय का ते चार लोकांना दर महिन्याला विचारू दे. जिथे हे विचारणं चालू राहिलं तिथे वचन जिवंत राहिलं. जिथे विचारणारा लांब गेला, किंवा ज्याचं नुकसान होतंय तो नजरेआड झाला, तिथे शब्द पाळूनही ते मेलं.

यासाठी ख्रिस्ती असावं लागतं असं नाही. पण ज्या ख्रिस्ती माणसांनी ते केलं, त्यांनी त्याची किंमत एका भावात मोजली, घासाघीस न करता.

असो. फार लांबलं. सोमवारी कोणी "शुक्रवारपर्यंत होईल का?" असं विचारलं आणि होणार नसेल, तर "नाही" म्हणून बघा. बघू या काय होतं ते.